पोलिसांसाठीच्या बायोमेट्रिक डेटाबेसचा प्रस्ताव कसा पारखावा

बोटांचे ठसे, चेहरा, बुबुळ किंवा डीएनए यांच्या सरकारी डेटाबेसचा मसुदा हाती आला, की उद्देशिकेऐवजी आधी हे शोधावे की त्यात नोंदी नेमक्या कोणाच्या असणार आहेत: दोषी ठरलेल्यांच्या, केवळ अटक झालेल्यांच्या, की सर्वच नागरिकांच्या? लाभ आणि धोका या दोहोंचे माप याच एका उत्तरावर बऱ्याच अंशी ठरते.

लाभ खरे आहेत आणि ते मान्य करूनच पुढे जावे. घटनास्थळी सापडलेला डीएनए जुन्या, न उलगडलेल्या गुन्ह्याशी जुळू शकतो, बेवारस मृतदेहाची ओळख पटू शकते आणि निरपराध माणूस सुटूही शकतो. इंग्लंडमधील लेस्टरशायरच्या दोन खुनांच्या तपासात डीएनए चाचणीने आधी कबुली देऊन बसलेल्या एका तरुणाला निर्दोष ठरवले आणि खरा गुन्हेगार नंतर सापडून १९८८ मध्ये दोषी ठरला. म्हणून आरोपीच्या वकिलालाही स्वतःच्या बाजूने डेटाबेसमध्ये शोध मागता येईल का, हे मसुद्यात अवश्य पाहावे. ही तरतूद नसेल, तर लाभाची निम्मी बाजूच वगळली गेली आहे, असे माझे मत आहे.

त्यानंतर चुकांचे गणित मांडावे. एखादी प्रणाली दर दहा लाख तुलनांमागे एकदाच चुकते असे धरले, तरी एक कोटी नोंदींतून एक ठसा शोधताना सरासरी दहा निरपराध नावे पुढे येतील. दोन माणसांची थेट तुलना करताना नगण्य वाटणारी चूक अशी संपूर्ण संचात शोध घेताना मोठी होते, आणि संच जितका वाढतो तितकी योगायोगाने सारखी दिसणारी माणसे सापडण्याची शक्यताही वाढते. २००४ च्या माद्रिद रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर नेमके हेच घडले. डिटोनेटरच्या पिशवीवरील ठसा अमेरिकेतील एका वकिलाचा असल्याचे एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठामपणे सांगितले, त्या वकिलाला अटक झाली आणि स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याचाच असल्याचे दाखवल्यावर एफबीआयला माफी मागावी लागली. चेहरा ओळखण्याच्या प्रणालींबाबत तर अधिक सावध असावे, कारण अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१९ मध्ये केलेल्या चाचण्यांत अनेक प्रणालींची चुकीची जुळणी काही वंशगटांच्या बाबतीत १० ते १०० पट अधिक आढळली होती. यासाठी केवळ जुळणीच्या आधारे अटक करता येणार नाही आणि तिला स्वतंत्र पुराव्याची जोड असलीच पाहिजे, असे स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे का, हे तपासावे.

नोंद किती काळ राहील आणि निर्दोष सुटल्यावर ती आपोआप पुसली जाईल की त्या माणसालाच कचेऱ्यांत खेटे घालावे लागतील, हेही पाहावे. दोषी न ठरलेल्यांचे ठसे व डीएनए सरसकट बेमुदत ठेवणे हा खासगी जीवनाच्या हक्काचा भंग आहे, असा निकाल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनविरुद्ध २००८ मध्ये दिला.

उद्देश पुढे बदलता येईल का, हा प्रश्न सहज नजरेआड होतो. युरोपीय संघाचा युरोडॅक हा ठशांचा संच २००३ मध्ये आश्रय मागणाऱ्यांच्या अर्जांसाठी सुरू झाला; पुढे नियम बदलून तो पोलिसांनाही खुला करण्यात आला. असा बदल साध्या अधिसूचनेने होऊ नये, त्यासाठी नवा कायदाच लागावा, अशी मागणी करावी.

सुरक्षेबाबत आश्वासनांवर विसंबू नये. अमेरिकन सरकारच्या कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयातून चोरीला गेलेल्या माहितीत ५६ लाख लोकांचे ठसे असल्याचे २०१५ मध्ये उघड झाले, आणि पासवर्ड बदलता येतो, बोटे बदलता येत नाहीत. प्रत्येक शोध कोणी, कधी व कोणत्या प्रकरणासाठी घेतला याची नोंद ठेवली जाईल का, आणि ती पोलीस खात्याबाहेरची स्वतंत्र यंत्रणा तपासेल का, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखीच मागावे.