‘दॅट’पुढचा कॉमा आधी खोडा

बावीस वर्षं टायपिंगचे क्लास घेतेय. मुलं मिनिटाला ४० शब्दांचा स्पीड काढतात, पण स्वतःचा इंग्रजी अर्ज लिहायला सांगितला की पोह्यांवर शेव भुरभुरावी तसे कॉमे टाकतात.

माझी लाल पेन्सिल सगळ्यात जास्त झिजते ती ‘दॅट’वर. ‘आय वॉन्ट टु से दॅट, माय फादर इज इल.’ आपण ‘तो म्हणाला की, उद्या येतो’ असं लिहितो, त्याची ही सवय. गंमत म्हणजे मराठीला विरामचिन्हं लावली मेजर थॉमस कँडींनी, एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीवरूनच. इंग्रजीत मात्र या वाक्यात ‘दॅट’नंतर थांबायचं नसतं. खोडा.

दुसरा प्रकार जरा चिवट. ‘द सर्टिफिकेट्स सबमिटेड बाय मी इन जून, आर नॉट रिटर्न्ड.’ एक मुलगी म्हणाली, “मॅडम, इथे दम लागतो ना!” दम लागेल तिथे कॉमा, हे शाळेत शिकवलेलं डोक्यातून काढून टाका. क्रियापदाखाली रेघ मारा: ‘आर’. काय परत आलं नाही? सर्टिफिकेट्स. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये असा एकटाच कॉमा उभा असेल, तर तो जवळजवळ नेहमीच चुकीचा.

जोडी असेल तर गोष्ट वेगळी. ‘माय ब्रदर, हू लिव्ज इन सातारा, इज अ टीचर.’ दोन कॉमांमधलं बोटाने झाका. ‘माय ब्रदर इज अ टीचर’ उरतं, कोणता भाऊ हा प्रश्न पडत नाही, म्हणजे भाऊ एकच. तीन भाऊ असून साताऱ्याचाच सांगायचा असेल, तर दोन्ही कॉमे काढा. एक ठेवून एक काढणं, हे काही खरं नाही.

‘पाऊस होता, गाडी चुकली’ मराठीत खपून जातं. ‘इट वॉज रेनिंग, आय मिस्ड द बस’ खपत नाही. पूर्णविराम द्या, नाहीतर कॉमानंतर ‘सो’ घाला.

यादीत शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’च्या आधी कॉमा द्यायचा का, यावर दोन मतं आहेत. मी देते. अमेरिकेत मेन राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी होती, तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन’. ‘शिपमेंट’नंतर कॉमा नाही. मग माल पोचवणं हे वेगळं काम, की पॅकिंगचाच भाग? ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर कोर्टात गेले. २०१७ मध्ये अपिलात कौल त्यांच्या बाजूने लागला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

आणि टाइप करताना कॉमा आधीच्या शब्दाला चिकटून, मग एकदाच स्पेसबार. कॉमाच्या आधी स्पेस दिसली की मी पान परत करते, पुढे वाचतही नाही.