नवख्याला घेऊन स्कॉटलंडमधल्या बेन लॉअर्स डोंगराच्या बर्फाळ धारेवर जाताना

सगळ्यात आधी चष्मे. दोन. एक तुमचा, एक सोबतच्या नवख्याचा. मागच्या फेब्रुवारीत पुण्याहून आलेल्या मावसभावाला मी फोनवर ‘गॉगल आण’ एवढंच सांगितलं आणि यादीत खूण करून मोकळा झालो. आपल्याकडे गॉगल म्हणजे उन्हाचा काळा चष्मा, त्याने तोच आणला. चूक माझी. हवा होता स्कीइंगचा, चेहऱ्याला चहूबाजूंनी चिकटून बसणारा, ढगाळ उजेडात चालेल अशा पिवळट काचेचा. नंबरचा चष्मा असेल तर त्यावरून बसणारा.

कपडे, खाणं, थर्मास यावर लिहीत नाही. हातमोजे मात्र तीन जोड, कारण पहिला भिजतो आणि दुसरा वाऱ्याने उडतो. बूट कडक तळव्याचेच. सह्याद्रीत चालणारे मऊ बूट इथे चालत नाहीत, वाकणाऱ्या तळव्यावरून क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाखाली बांधायचे दातेरी साचे) निसटतात. भाड्याने आणले असतील तर आदल्या रात्री घरीच, मोजे घालून, पट्टे आवळून बघा. धारेवर, गोठलेल्या बोटांनी ते जमत नाही. आईस ॲक्स, म्हणजे बर्फात रोवायची छोटी कुदळ, नुसती हातात देऊ नका. खाली मोकळा, दगड नसलेला उतार शोधून घसरल्यावर थांबण्याचा सराव किमान तासभर करून घ्या, तो क्रॅम्पॉन न घालता.

हवामान आदल्या संध्याकाळी आणि सकाळी, दोनदा बघा. माथ्यावर ताशी 40 मैलांचा वारा सांगितला असेल तर नवख्याला नेऊ नका, तो कितीही राजगड-हरिश्चंद्रगड करून आलेला असो. हिमस्खलनाचा सरकारी अंदाज स्कॉटलंडच्या सहा भागांसाठी निघतो, त्यात बेन लॉअर्स नाही. ग्लेन्को आणि दक्षिण केर्नगॉर्म्सचे वाचून आपणच ताडायचं. कागदी नकाशा आणि होकायंत्र घ्या, थंडीत फोनची बॅटरी बघता बघता संपते. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा हेडटॉर्च दोघांनाही, आणि परत फिरायची वेळ निघण्यापूर्वीच ठरवून त्यालाही सांगून ठेवा.

आता पुन्हा चष्मे, कारण वाऱ्याचं गणित इथेच चुकतं. वाटेतलं पहिलं शिखर बेन ग्लास 1103 मीटर, तिथून ईशान्येला खिंडीत उतरून 1214 मीटरच्या बेन लॉअर्सवर चढायचं. इथला नेहमीचा वारा नैऋत्येचा, म्हणजे जाताना तो पाठीवर असतो आणि सगळं छान वाटतं. परत फिरलात की तोच वारा, उडणारा बर्फ घेऊन, थेट डोळ्यांत. भावाच्या काळ्या चष्म्याच्या कडांतून बर्फ आत भरला, त्याला डोळे उघडता येईनात. मी माझा चष्मा त्याला दिला. मग होकायंत्राची सुई मला दिसेना, आणि हिमछज्जा, म्हणजे कड्याबाहेर आधाराशिवाय लोंबणारा बर्फ, कुठे सुरू होतो तेही. ते छज्जे वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, बहुतेक उत्तर-पूर्वेला लोंबतात, आणि वरून सपाट जमिनीसारखे दिसतात. खिंडीपर्यंतची ती उतरण आम्ही जवळजवळ रांगत केली. वाट दिसेल आणि कळेल असा माणूस दोघांपैकी एकही नव्हता. म्हणून दोन चष्मे. जमलं तर तिसराही. आणि आडोशाला असतानाच घालायचे, धारेवर पोहोचल्यावर नाही. कपाळावर सरकवून ठेवायचे नाहीत, घामाने आतून धुकं धरतं.

खिंडीतून बेन ग्लासच्या उत्तर अंगाने येणारी वाट बर्फात बुजते, ओळखीची नसेल तर तिच्या मोहात पडू नका.

मदतीसाठी शिट्टी: मिनिटाला सहा, मग मिनिटभर थांबा. 999 या तिथल्या आपत्कालीन नंबरवर पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. एसएमएसने मदत मागण्यासाठी नंबर आधीच नोंदवावा लागतो, ते घरी करा. उतरताना क्रॅम्पॉन बर्फ पूर्ण संपल्यावरच काढा. गाडीत कोरडे मोजे.

आणि दार लावण्यापूर्वी नवख्याची सॅक उघडून चष्मा हाताने चाचपा. ‘घेतलाय’ या उत्तरावर निघू नका.