इतिहास-भूगोलाची उद्दिष्टं लिहिताना या चुका टाळा

पाठाची टाचणं (तासाला काय, कसं शिकवायचं त्याचा लेखी आराखडा) तपासून तपासून डोळे गेले माझे, पण एक वाक्य काही हटत नाही. 'विद्यार्थी समजून घेतो.' अरे पण समजलं हे तुला कळणार कसं? पोराच्या डोक्यात शिरून बघणारेस का?

मागे एका छात्राध्यापिकेचा आठवीचा पाठ बघायला बसलो होतो, महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह. बाई छान बोलत होत्या, चित्रं वगैरे आणलेली, उद्दिष्ट काय तर 'सत्याग्रहाचे महत्त्व समजून घेतो'. शेवटी विचारलं, समजलं का? अख्खा वर्ग, होऽऽ! मी मागच्या बाकावरच्या एकाला म्हटलं, 20 मार्च 1927 ला लोक तळ्यावर कशाला गेले रे? म्हणे, 'सर, गावातलं पाणी संपलं होतं.'

झालं! हक्काच्या लढ्याची पाणीटंचाई झाली. पोराची काहीच चूक नाही, कारण सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा, सभासद सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 लाच झाला होता हे फळ्यावर आलंच नव्हतं. मग स्टाफरूममध्ये बसून उद्दिष्ट बदललं, '1923 चा ठराव असूनही 1927 ला सत्याग्रह का करावा लागला ते स्वतःच्या शब्दांत लिहितो.' आता ठराव सांगावाच लागतो, आणि तो कागदावरच राहिला हेही सांगावं लागतं, म्हणजे अर्धा पाठ तिथेच ठरला.

माझी सवय सांगतो, पद्धत बिद्धत काही नाही. टाचणाच्या मागच्या पानावर तासाचा शेवटचा प्रश्न आधी लिहायचा, त्याखाली साधारण पोरगं काय उत्तर देईल ते, आणि मग पुढच्या पानावर उद्दिष्ट. नवीन लोकांना याचा कंटाळा येतो, त्यांना क्रियापदांची यादी हवी असते, त्यातलं एक उचललं की काम झालं.

भूगोलातही तेच, 'पर्जन्यछायेची (डोंगराआडच्या कमी पावसाच्या भागाची) व्याख्या सांगतो' इथेच गाडी थांबते. महाबळेश्वर आणि माण एकाच सातारा जिल्ह्यात, एकीकडे धो धो आणि दुसरीकडे दुष्काळ, मग पोराला सह्याद्रीचा आडवा छेद काढून ढग कुठे रिकामा होतो ते दाखवायला लावा ना!

बाकीच्या पटकन सांगतो. 'शिक्षक नकाशा दाखवतात' हे उद्दिष्ट नाही, ते तुमचं काम आहे. पुस्तकातली अध्ययन निष्पत्ती, म्हणजे पोराला शेवटी काय यायला हवं ते, जशीच्या तशी उतरवू नका, ती वर्षभराची असते. 35 मिनिटांना दोन उद्दिष्टं पुरे, सात नकोत. आणि 'राष्ट्रप्रेम वाढीस लागते' एका तासात? पोहे करायला तेवढा वेळ लागतो हो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तयार पीडीएफबद्दल तर बोलायलाच नको. एकाच्या टाचणात पटसंख्या 52 आणि समोर बाकांवर मोजून 19 पोरं.