गोठ्यापर्यंत वायफाय: जुना राउटर कामाला लावा

घरातलं वायफाय अंगणातच दम तोडतं आणि गोठ्यातला कॅमेरा सारखा बंद पडतो? रिपीटर घेण्याआधी माळ्यावरचा जुना राउटर काढा. रिपीटर मिळालेला अशक्त सिग्नलच पुढे ढकलतो. जुना राउटर गोठ्यात ठेवून घरच्या राउटरला केबलने जोडला, तर तसं होत नाही.

१. बाहेर वापरायची, शुद्ध तांब्याची कॅट-६ केबल घ्या. १०० मीटरपर्यंत चालते. पीव्हीसी पाइपातून, विजेच्या तारेपासून लांब न्या.

२. जुना राउटर आधी लॅपटॉपला जोडून त्याच्या सेटिंगमध्ये त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या (तो पत्ता दुसऱ्या कशाला दिलेला नाही ना, बघा). मग याचं डीएचसीपी (जोडलेल्या उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा; ते काम मुख्य राउटरच करेल. बहुतेकांचं इथेच अडतं.

३. केबल दोन्हीकडे लॅन पोर्टातच लावा, वॅनमध्ये (इंटरनेटची तार येते त्या पोर्टात) नको.

४. नाव, पासवर्ड घरचाच ठेवा. चॅनेल मात्र वेगळा: एकीकडे १, दुसरीकडे ६ किंवा ११.

राउटर पत्र्याच्या आत, उंचावर, कोरड्या जागी टांगा. पत्र्यातून सिग्नल नीट जात नाही.

वळीव गडगडायला लागण्याआधीच केबल दोन्हीकडून काढून ठेवा. जवळ पडलेली वीज तारेतून दोन्ही राउटर जाळू शकते.