नाकातला स्वॅब घरच्या घरी कसा घ्यावा

कोविड किंवा फ्लूची घरी सेल्फ टेस्ट करताना सगळ्यांचे डोळे कार्डावरच्या रेघांवर खिळलेले असतात. खरं काम त्याआधीच होऊन गेलेलं असतं, नाकात काडी फिरवून नमुना, म्हणजे स्वॅब, घेतानाच्या अर्ध्या मिनिटात. तिथे हयगय झाली की पुढचं सगळं बिनचूक करूनही उपयोग नसतो. आजार अंगात असतो आणि कार्ड 'निगेटिव्ह' सांगतं. आमच्या घरी हे झालं आहे. वहिनींनी काडी नाकपुडीच्या तोंडाशीच दोनदा फिरवली, शिंक आली, काडी बाहेर. कार्ड निगेटिव्ह आलं म्हणून सगळे एकत्र जेवलो. तिसऱ्या दिवशी लॅबचा रिपोर्ट पॉझिटिव्ह.

आधी एक गैरसमज. डोळ्यांत पाणी आणणारा, नाकातून थेट घशाच्या मागे जाणारा लांब स्वॅब तो हा नव्हे. तो शिकलेल्या माणसानेच घ्यायचा असतो. आपण घेतो तो नाकाच्या पुढच्या भागातला. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा नायडू रुग्णालयाबाहेर नुसत्या तपासणीसाठी रांगा लागल्या होत्या. बारा वर्षांनी, मे २०२१ मध्ये, पुण्याच्याच मायलॅब कंपनीच्या 'कोविसेल्फ' किटला आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, मान्यता दिली. घरी स्वतः वापरायचं हे देशातलं पहिलं कोविड किट, तेव्हाची किंमत २५० रुपये. पुढच्या पायऱ्या त्या पद्धतीच्या अँटिजेन किटच्या, म्हणजे विषाणूची प्रथिनं ओळखणाऱ्या किटच्या, आहेत. फ्लूचे ए आणि बी हे दोन प्रकार दाखवणारी किटंही याच तत्त्वावर चालतात. थेंब किती आणि मिनिटं किती हे मात्र किटागणिक बदलतं. तुमच्या डब्यातल्या पत्रकात असेल तेच प्रमाण.

कधी करावी

ताप, खोकला, घसादुखी, अंगात कसकस यांपैकी काही असेल, किंवा घरातल्या कुणाचा लॅबचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला असेल तर. आयसीएमआरनेही घरगुती चाचणी एवढ्यापुरतीच सांगितली होती. उद्या लग्नाला जायचंय म्हणून आज ठणठणीत माणसाने काडी फिरवण्यात फारसा अर्थ नाही. अँटिजेन चाचणीला नाकात विषाणू भरपूर असावा लागतो आणि तो लक्षणांच्या पहिल्या काही दिवसांतच तसा असतो. फ्लूच्या बाबतीत लवकर कळण्याचा आणखी एक फायदा आहे. त्यावरचं ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त गुण देतं. ते डॉक्टरांनी लिहून दिलं तरच घ्यायचं, हे वेगळं सांगायला नको.

नाकातून नुकतंच रक्त आलं असेल, नाकाचं ऑपरेशन झालं असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर काडी घालण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मांडामांड

डब्यावरची मुदत बघा. किट साधारण २ ते ३० अंश तापमानात ठेवायचं असतं. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे बंद गाडीत राहिलेल्या किटवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. फ्रीजमध्ये ठेवलं असेल तर बाहेर काढून अर्धा तास थांबा. कार्डाचं चंदेरी पाकीट मात्र शेवटच्या क्षणापर्यंत फोडू नका, कारण पावसाळ्यातली दमट हवा त्या पट्टीला मानवत नाही.

नाक शिंकरून घ्या. साचलेला शेंबूड आपल्याला नकोच आहे, आतल्या त्वचेवरचा थर हवा आहे. मग साबणाने हात धुवून कोरडे करा. फोनवर घड्याळ लावून समोर ठेवा. द्रवाची नळी दोनदा आपटून द्रव खाली आणा आणि मगच झाकण उघडा. उघडलेली नळी लवंडू नये म्हणून छोट्या पेल्यात उभी करा.

काडी

पाकीट काडीच्या दांड्याकडून फाडा. मऊ टोकाला बोट, टेबल, ओठ काहीही लागता कामा नये. लागलं तर ती काडी बाद. घरातली कान कोरायची कापसाची काडी तिच्या जागी चालत नाही.

डोकं किंचित मागे करा. काडी कपाळाकडे वर सारू नका, सगळ्यात जास्त चूक इथेच होते. नाकाची वाट बाहेरून वर जाताना दिसते, पण आतून ती सरळ मागे, टाळूला समांतर जाते. काडी तशीच आडवी आत न्या, मोठ्या माणसाच्या नाकात २ ते ४ सेंटिमीटर. अडथळा लागला की थांबा, रेटा देऊ नका. आता टोक नाकपुडीच्या भिंतीला टेकवून, नुसतं मधल्या पोकळीत नव्हे, सावकाश गोल पाच वेळा फिरवा. भिंत पुसल्यासारखी वाटली पाहिजे. दुखत नाही, पण गुदगुल्या होतात आणि डोळा पाणावतो. कोरडं पुसून झाल्यासारखं वाटलं, काहीच झालं नाही, तर बहुधा काडी भिंतीला लागलीच नाही.

मग तीच काडी दुसऱ्या नाकपुडीत, तितकीच आत, तितकेच फेरे. एका नाकपुडीवर भागवू नका. शिंक आली तर काडी काढा, शिंका आणि उरलेले फेरे पूर्ण करा.

लहान मुलाचा स्वॅब मोठ्यांनी घ्यावा. किटवर वयाची अट असते, ती पाळा. मुलाला मांडीवर घेऊन त्याचं डोकं आपल्या छातीशी टेकवलं की ते झटकन मागे जात नाही. काडी मोठ्यांइतकी आत घालायची नाही.

नळी आणि थेंब

काडी लगेच द्रवात बुडवा. नळीचा खालचा भाग बोटांनी दाबून धरा आणि काडी दहा वेळा घुसळा, म्हणजे टोकात अडकलेलं द्रवात उतरेल. दांड्याच्या खाचेवर काडी मोडून टोक आतच राहू द्या आणि थेंबाचं टोपण घट्ट बसवा. आता कार्डाचं पाकीट फोडून कार्ड सपाट जागी ठेवा, गोल खळग्यात दोन थेंब सोडा आणि घड्याळ चालू करा. थेंब कमी पडले म्हणून पाणी घालायचं नाही. तो द्रव ठराविक आम्लतेचा असतो, ती बिघडली की कार्ड खोटी रेघ दाखवू शकतं. थंड पेयाचे थेंब टाकून शाळा बुडवण्यासाठी खोटा पॉझिटिव्ह काढणारी इंग्लंडमधली पोरं याच गोष्टीचा फायदा घेत होती.

रेघा वाचताना

कोविसेल्फमध्ये १५ मिनिटांनी बघायचं. २० मिनिटांनंतर दिसलेलं धरायचं नाही, कारण पट्टी वाळताना उगाच एखादी सावली उमटते. 'सी' (कंट्रोल) आणि 'टी' (टेस्ट) दोन्ही रेघा दिसल्या तर पॉझिटिव्ह, 'टी' कितीही फिकट असली तरी. नुसती 'सी' म्हणजे निगेटिव्ह. 'सी' नसेल तर चाचणी वाया गेली, नवीन किट घ्या.

'सी'बद्दल एक गोष्ट किटच्या पत्रकात ठळक छापायला हवी होती. पट्टीवर सोन्याच्या सूक्ष्म कणांना चिकटवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) असतात. ती द्रवाबरोबर वाहत 'सी'पाशी अडकली की रेघ दिसते. म्हणजे 'सी' एवढंच सांगते की द्रव नीट वाहिला. काडी नाकात न घालताच नळीत बुडवलीत तरी 'सी' छान उमटेल. आमच्या वहिनींच्या कार्डावरही ती ठसठशीत होती.

पॉझिटिव्ह आलं तर ते खरं धरा, पुन्हा पुन्हा करत बसू नका. वेगळ्या खोलीत राहा, मास्क लावा, डॉक्टरांना फोन करा. लक्षणं असून निगेटिव्ह आलं तर आयसीएमआरच्या सल्ल्याप्रमाणे आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी लॅबमधली चाचणी, करावी. ते जमेपर्यंत आजारी असल्यासारखंच वागावं. निदान ४८ तासांनी दुसरी काडी तरी फिरवा. धाप लागत असेल, रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल तर कार्ड काय म्हणतं ते बघत बसू नका, दवाखाना गाठा.

काडीची धास्तीच असेल तर दुसरी वाटही निघाली आहे, तीही आपल्याकडचीच. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर आरटी-पीसीआरची पद्धत बसवली आणि २०२१ मध्ये तिलाही मान्यता मिळाली. नळीतलं सलाईन तोंडात घेऊन घशात १५ सेकंद गुळणी, मग १५ सेकंद तोंडात खळखळ, आणि परत त्याच नळीत. मात्र हा नमुना लॅबकडे द्यायचा असतो, अँटिजेन कार्डावर टाकायचा नाही.

शेवटी कचरा. काडी, नळी, कार्ड सगळं किटमधल्या पिशवीत घालून तोंड बंद करा. पिशवी नसेल तर दोन पिशव्या एकात एक घाला. वर लाल पेनने खूण करा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता सॅनिटरी पॅडसारखं वेगळं द्या. घंटागाडीवरची किंवा दारावर येणारी ताई तो कचरा हाताने निवडते. मग पुन्हा एकदा हात धुवा.