कारागिराचा हिशोब कारागिराच्याही हातात द्या

नागपूरच्या महाल भागात माझं शाळेच्या गणवेशाचं शिलाईघर आहे. एरवी दहा जण असतात, मे-जूनमध्ये तेरा-चौदा. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे आमचा सगळा जोर त्याच दोन महिन्यांत.

आमचे कटिंग मास्तर सहा वर्षं आठ महिने काम करून गावी गेले. शेवटच्या हिशोबातून मी अठरा हजारांची उचल कापली. ते म्हणाले, "ताई, मी आठच हजार घेतले होते." कागद ना त्यांच्याकडे, ना माझ्याकडे. पुढे त्यांनी ग्रॅच्युइटीचा, म्हणजे बरीच वर्षं काम करून जाताना मालकाने द्यायच्या रकमेचा, अर्ज केला. ग्रॅच्युइटी म्हणजे एम्प्रेस मिलसारख्या मोठ्या ठिकाणची गोष्ट, असं मी धरून चालले होते. तसं नाही. मागच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशीही दहा माणसं कामावर असली की कायदा लागू होतो, आणि नंतर माणसं कमी झाली तरी सुटत नाही. पाच वर्षं झाली की हक्क पक्का. पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. मास्तरांचा पगार 15,600, म्हणजे रोजचे 600. वरचे आठ महिने पूर्ण वर्ष धरायचे, कारण ते सहा महिन्यांपेक्षा जास्त. 600 गुणिले 15 गुणिले 7, झाले 63,000. ते पैसे त्यांच्या घामाचेच होते. मी हिशोब आधी मांडला असता तर त्यांना अर्ज करावा लागला नसता. नगावर काम करणाऱ्याचा रोजचा पगार शेवटच्या तीन महिन्यांच्या सरासरीवरून काढतात, ओव्हरटाइम सोडून.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. पहिल्या दिवशी नेमणुकीचं पत्र: काम काय, दर काय, सुट्टी कधी. दोन प्रती, दोन्हींवर सह्या. मग प्रत्येकाला एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड. रोज संध्याकाळी त्यावर नग लिहायचे, "शर्ट 22, हाफ पँट 14", आणि तेच माझ्या वहीत. कार्ड कारागिराकडेच राहतं. उचल दिली की त्याच कार्डाच्या मागे तारीख, रक्कम, सही. सही येत नसेल तर आधी मोठ्याने वाचून दाखवायचं, मग अंगठा घ्यायचा. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, म्हणून उचल फेडीचा हप्ताही देतानाच ठरवून लिहा.

नगावर काम आहे म्हणून किमान वेतनाखाली जाता येत नाही. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता (महागाईचा) जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. त्या दोन महिन्यांत मी दर पुन्हा तपासते. सीझनमध्ये उशिरापर्यंत थांबवलं तर जादा तासांना दुप्पट दर. जूनच्या उकाड्यात पत्र्याखाली बसून शिवणाऱ्याला दुप्पट देणं मला जास्त वाटत नाही.

दहा माणसं झाली की ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, नोंदणी करा. 21,000 पर्यंत पगार असलेल्यांसाठी आपले 3.25 टक्के, त्यांचे 0.75, भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. आमच्या ओव्हरलॉकवाल्या पोरीचं बोट सुईखाली आलं, तेव्हा ईएसआयच्याच कार्डावर उपचार झाले. पीएफ वीस माणसांपासून. बाया कामावर असतील तर दहा माणसांपासून लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी समिती हवी. त्याहून कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, हे बायांना सांगून ठेवा.

कोणालाही रागाच्या भरात "उद्यापासून येऊ नको" म्हणू नका. चूक असेल तर लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या, त्याची बाजू ऐका. न सांगता गैरहजर असेल तर स्पीड पोस्टाने पत्र पाठवा आणि पावती जपा. कामच कमी झालं म्हणून काढायचं असेल, तर वर्षभर टिकलेल्या माणसाला महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या वेतन संहितेप्रमाणे माणूस सोडून गेला की दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशोब चुकता करायचा. आमच्या काज-बटणवाल्या ताईंनी शनिवारी चिठ्ठी दिली. सोमवारी दुपारी आम्ही दोघी कार्ड आणि वही शेजारी ठेवून बसलो, एकेक ओळ जुळवली. संध्याकाळी पैसे त्यांच्या खात्यात गेले. कार्ड त्या सोबत घेऊन गेल्या.