लामेटात भाषेचा रकाना भरताना

लामेटा म्हणजे भाषेच्या रेकॉर्डिंगची माहिती (कोण बोललं, कुठल्या भाषेत) नीट भरून ठेवायचं सॉफ्टवेअर. रेकॉर्डिंग झालेलं आहे, त्याच्या दोन प्रती आहेत आणि माणसांची संमती घेतलेली आहे, असं धरून चालते. ‘ही माहिती तूर्त एक्सेलमध्ये लिहून ठेव, नंतर बघू’ असं सांगणाऱ्याने ती शीट स्वतः कधी निस्तरलेली नसते. लामेटा फुकट मिळतं, विंडोज-मॅक दोन्हींवर चालतं. ते घ्या.

प्रोजेक्ट उघडल्यावर आधी आर्काइव्ह, म्हणजे रेकॉर्डिंग जिथे जपायला द्यायचं तो संग्रह, निवडा. रकाने त्याप्रमाणे बदलतात. एका बैठकीचं एक सेशन, फायली त्यात ओढायच्या. फायलींची नावं रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. नावं बदलायची तर आत्ताच. ईलॅनमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, लिप्यंतर सुरू झाल्यावर बदललीत तर त्याला ऑडिओ सापडत नाही.

आता भाषा. इथे मी सपशेल आपटले होते.

गोव्यातल्या पेडण्यात एका आजीकडून धालोची, म्हणजे बायकांच्या लोकनृत्याची, गाणी घेतली. मी मराठीत विचारलं, तीही माझ्याशी मराठीत बोलली, म्हणून सगळ्या सेशनांना डोळे मिटून मराठी लावून टाकली. महिन्याभराने हेडफोन लावून ऐकते तर मधेमधे सुनेला हाक मारून सांगते ती कोंकणीत, आणि गाण्यात एक ओळ इकडची, एक तिकडची. पाहुणी मराठी बोलते म्हणून ती मराठीत आली होती, एवढंच! सगळी सेशनं एकेक करून पुन्हा उघडावी लागली.

म्हणून दोन रकाने वेगळे ठेवा. ज्या भाषेचं रेकॉर्डिंग करताय ती ‘सब्जेक्ट लँग्वेज’. तुम्ही प्रश्न विचारले ती ‘वर्किंग लँग्वेज’. पहिल्यात एकाहून जास्त भाषा चालतात. मिश्र गाण्याला दोन्ही लावा, उगाच न्यायनिवाडा करू नका.

कोंकणीचा कोड निवडताना यादीत आधी दिसेल त्यावर क्लिक करू नका. आयएसओ ६३९-३ मध्ये, म्हणजे भाषांच्या तीन अक्षरी कोडांच्या यादीत, ‘केओके’ हा छत्रीसारखा कोड आहे. त्याखाली ‘जीओएम’ म्हणजे गोव्याची कोंकणी आणि ‘केएनएन’ ही दुसरी. गोव्यातल्या माणसाला बहुतेक वेळा जीओएम. लिपीचा याच्याशी संबंध नाही: लिप्यंतर देवनागरीत केलंय की रोमीत (रोमन लिपीत), ते वर्णनात लिहा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसाचं पान. तिथे आईची आणि वडिलांची भाषा वेगळी दाखवता येते. आपल्याकडे माहेर सावंतवाडीला आणि सासर पेडण्यात असलेल्या कितीतरी बायका. ही खूण राहिली तर पुढे ऐकणाऱ्याला तो मालवणी हेल कुठून आला ते कळणार नाही. आणि हे तिलाच विचारा. ‘घरात काय बोलता?’ एवढं पुरतं. ‘तुमची मातृभाषा कुठली?’ असं गोव्यात विचारलंत की उत्तराऐवजी वाद मिळतो.

संमतीची फाइल त्याच माणसाच्या फोल्डरात. मग एक्सपोर्ट करा, आणि पाठवण्याआधी एखादं मधलंच सेशन उघडून ऐकत ऐकत तपासा.